सगळे जिन्याने

हॉस्पिटलच्या नव्या लिफ्टचा ब्रेक तिनेच डिझाइन केला होता आणि चाचणीत तो दोनदा घसरला होता. सातव्या मजल्यावरच्या बैठकीत तिने हे परोपरीने सांगून पाहिलं.

"मॅडम, राईचा पर्वत करू नका," साहेब म्हणाले. "पेशंट उचलून न्यावे लागताहेत. ब्रेक नंतर बदलू. तोवर काय आभाळ कोसळतंय?"

ठेकेदाराने पेन पुढे केलं. शेवटी 'वापरास योग्य' या शब्दांखाली तिने सही केली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बाहेर येताच ठेकेदाराने सवयीने बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं आणि कुणीच जागचं हललं नाही.

"तुम्ही व्हा पुढे," साहेब म्हणाले. "मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

ठेकेदाराला नेमका तेव्हाच एक फोन आठवला. लिफ्टमध्ये म्हणे रेंज नसते. दोघे जिन्याकडे वळले. तीही त्यांच्या मागे निघाली.

चार पायऱ्या उतरते न उतरते तोच वर चाकं खडखडली. वॉर्डबॉय स्ट्रेचरवरून एका आजींना आणत होता.

"साहेब, लिफ्ट सुरू झाली ना?"

"झाली की! बिनधास्त न्या!" साहेब खालूनच ओरडले.

स्ट्रेचर आत गेलं. दार मिटू लागलं, तशी ती उलट्या पावली धावली आणि तिने दारात पाय घातला.

"आता काय?" साहेबांचा आवाज चढला. "सही केलीत ना?"

"माझीच आहे ना सही, म्हणूनच," ती म्हणाली. "आजींना बाहेर घ्या."