तिसऱ्या ट्रेतली रोपं

दिराने ट्रे टेबलावर असा आपटला की माती उडून वहिनींच्या चहात पडली. ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं होती. म्हणजे असायला हवी होती. पिवळी, करंगळीएवढी, माना टाकलेली. काही तर पहिल्या दोन पानांवरच अडून बसली होती.

"तुमच्या सल्ल्याचं पीक," तो म्हणाला. "नीट बघून घ्या."

वहिनींनी आधी चहाकडे बघितलं. मग ट्रेकडे.

वहिनी या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होत्या. केंद्राच्या आवारात एका जातीची झाडं भरमसाठ माजली होती आणि त्यांचा पाला, साल शेतात अंथरायला चालेल का, हे त्या तपासत होत्या. पाला आणि साल वेगवेगळी वाळवायची, कुटायची, रात्रभर भिजवून गाळायची आणि तो काळपट अर्क रोपांना द्यायचा. खिडकीपाशी तीन ट्रे होते. पहिल्याला साधं पाणी, दुसऱ्याला पाल्याचा अर्क, तिसऱ्याला सालीचा. तिन्ही हिरवेगार. तिसरा तर नजर लागेल असा. त्याच आनंदात वहिनींनी एकदा घरी जेवताना दिराला सांगितलं होतं की, पाला-साल फुकट मिळतेय, घेऊन जा आणि अंथरा वाफ्यांवर. दिराची रोपवाटिका होती. त्याने दोन ट्रॉल्या भरून नेल्या आणि अंथरल्या. आता त्याच्या दारात रोज कुणी ना कुणी मेलेली रोपं घेऊन भांडायला उभं असायचं.

"माझं व्हायचं ते झालं," दीर म्हणाला. "पण हे थांबवा." त्याने टेबलावरच्या माहितीपत्रकावर बोट ठेवलं. 'पाला व साल रोपांसाठी पूर्ण निर्धोक,' असं वर ठळक अक्षरांत होतं. वहिनींची सही झाली की ते छापायला जाणार होतं आणि तिथून सगळ्या शेतकऱ्यांच्या घरी.

वहिनींच्या मनात दिराचं खातं फार पूर्वीच उघडलेलं होतं आणि त्यात जमेची बाजू जवळजवळ कोरी होती. वेळेवर कुठे पोचणं नाही, एका धंद्यावर टिकणं नाही, आणि घरात काही बिघडलं की शेवटी हात याचाच लागलेला. अशा माणसाने येऊन आपल्या कामाला नावं ठेवावीत, याचा त्यांना संताप आला.

"बियाणं कुठून उचललंत, भाऊजी?"

"नेहमीच्याच दुकानातून."

"पाणी?"

"आमच्याच विहिरीचं. परवा तुम्ही तांब्याभर प्यायलात आणि गोड आहे म्हणालात."

"मग तुमचा हातच. काहींच्या हाताला यश नसतं, त्याला शास्त्र काय करणार?"

"हात जुनाच आहे, वहिनी. नवा आहे तो तुमचा पाला."

वहिनींनी पेन उघडलं. त्याच्या डोळ्यांदेखत पत्रकावर सही ठोकली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही ती उमटली. मग खिडकीकडे हात केला. "ते बघा. बोलायला तोंड लागतं, भाऊजी. दाखवायला रोपं लागतात."

दीर खिडकीपाशी गेला. बराच वेळ वाकून बघत राहिला. रोपं खरंच सुंदर होती. आयुष्यभर रोपं विकलेल्या माणसाला ते नाकारता येत नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त चीड आली.

"यांना सालीचं पाणी दिलंय?"

"सकाळ-संध्याकाळ. खोटं वाटतंय ना? आता समोरच घालायला लावते." वहिनींनी आत हाक मारली. "मावशी, बाटली घेऊन या. तिसऱ्या ट्रेला पाणी द्यायचंय."

मावशी केंद्रात मदतनीस होत्या. साल कुटायची त्यांनी, अर्क गाळायचा त्यांनी, रोपांना द्यायचा त्यांनी. वहिनी फक्त उंची मोजायच्या. मावशी काळपट अर्काची बाटली घेऊन आल्या. बूच काढलं तसा खोलीभर कडवट वास पसरला. दिराने नाक चोळलं. हाच वास आता त्याच्या वाफ्यांना येत होता.

मावशी ट्रेपाशी गेल्या. बाटली तिरकी केली, पुन्हा सरळ केली. एकदा पाहुण्याकडे बघितलं, एकदा वहिनींकडे.

"बाई, आज खरंच घालू?"

"आज म्हणजे? रोज काय करता?"

मावशी बाटली पोटाशी धरून उभ्या राहिल्या. "रोज मोरीत ओतते. यांना नळाचं देते. पाल्याचंही तसंच."

मग दिराने टेबलावरचं सही केलेलं पत्रक उचललं, त्याच्या चार घड्या केल्या आणि खिशात घातलं. वहिनींनी ते मागितलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या दिवसांची मोजमापं, वरिष्ठांची शाबासकी, घरातला शब्द, सगळं या बाईने मोरीत घालवलं होतं.

"शरम नाही वाटली, मावशी? मी तुमच्या भरवशावर होते. कुणी सांगितलं होतं तुम्हाला असलं काही करायला?"

मावशींचाही आवाज पहिल्यांदाच चढला.

"तुम्हीच, बाई. पहिल्या खेपेला या दोन ट्रेंतली सगळीच्या सगळी रोपं मेली, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, पुन्हा एक जरी रोप मेलं तर उद्यापासून कामावर येऊ नका."