दोन मापांचे पुठ्ठे
“चित्रानं भिंतीला शोभा द्यावी, भिंत गिळू नये,” असं बोडिलची सासू म्हणायची. तेच स्मरून बोडिलनं घ्यायच्या असलेल्या नव्या टीव्हीच्या मापाचा, त्रेचाळीस इंची पुठ्ठा कापून खोलीच्या भिंतीवर चिकटवला. तिच्या नवऱ्यानं, एस्किलनं, शेजारी पासष्टचा डकवला, तर अर्धी खिडकी झाकली गेली. “अरे, सोफा इथं चार पावलांवर. एवढं धूड कशाला? शेजाऱ्यांचा जळफळाट करायला?” “असू दे की,” तो पुटपुटला. “शुक्रवारची इंग्रजी मालिका बघत दोघं खदखदून हसतो, ती जुन्या छोट्या टीव्हीवरच ना?” बोडिलनं विचारलं. एस्किल कान खाजवत लाजला. “इंग्रजी मला कळत नाही, आणि खाली येणारी डॅनिश भाषांतराची अक्षरं गेलं वर्षभर दिसतच नाहीत गं.” बोडिलनं आपला पुठ्ठा अलगद सोलून काढला. “मग इतका हसतोस कशाला, लबाडा?” “तुझ्याकडे बघत असतो. तू हसलीस की मला हसू आवरत नाही.”