नवे ब्रेक

पुढचं उजवं चाक निघालं आणि आतली डिस्क उघडी पडली. कडेला गंजाची जाड किनार, मध्ये बोटाला लागतील अशा खाचा. पॅड तर झिजून पार पत्र्यापर्यंत आले होते.

"बघ आई, ह्याच्यावर घाट उतरणार होती तुझी सून," तो म्हणाला.

त्याची आई दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. सकाळी त्यानं गाडीला जॅक लावला तेव्हापासून ती तिथेच होती. ऊन आता तिच्या गुडघ्यांवर आलं होतं.

"आत जा की. कशाला तापतेस?"

"बसते. तू कर तुझं काम."

गाडी पंधरा वर्षांची, उंच, अंगानं दणकट. आज ती घेऊन त्याची बायको माहेरी जाणार होती, लेकीसकट. चार दिवसांसाठी, असं तिनं सांगितलं होतं. दोन मोठ्या बॅगा, शिलाई मशीन आणि लेकीचा शाळेचा दाखला तिनं बांधून ठेवला होता. चार दिवसांसाठी कोणी दाखला नेत नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोललं कोणीच नव्हतं. तोही नाही. ब्रेक बदलल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढंच तो म्हणाला होता. गॅरेज बंद होतं, आणि हे काम त्याच्या हातचं होतं.

पॅड धरणारा कॅलिपर सोडवून त्यानं तारेनं वर टांगला, ब्रेक ऑइलच्या नळीवर ताण येऊ नये म्हणून. डिस्क मात्र गंजानं घट्ट धरून बसली होती. त्यानं हातोडा उचलला. पहिला घाव पडला तशी स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली. दुसरा घाव, तिसरा. चौथ्याला त्याची नजर खिडकीकडे गेली. बायको ओट्याजवळ कोपऱ्यात सरकून उभी होती आणि लेकीनं तिच्या पोटात तोंड खुपसलं होतं.

त्यानं हातोडा खाली ठेवला. मग मध्ये लाकडाचा तुकडा धरून हलक्या हातानं ठोकत राहिला. एक डिस्क निघायला अर्धा तास गेला.

दुपार कलायच्या आत दोन्ही चाकं झाली. नव्या डिस्कवरचं तेल पुसलं, पॅड बसवले, नट आवळले, गाडी खाली घेतली. त्यानं आत हाक मारली, "अगं, जरा ब्रेक दाबतेस?"

ती आली. डाव्या हाताचं प्लास्टर काढून आठच दिवस झाले होते. मनगट दुसऱ्या कोणाचं असावं तसं बारीक दिसत होतं. आत बसून तिनं पेडलवर पाय दिला. पेडल सरळ खाली गेलं आणि तळाला टेकलं.

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पहिल्यांदा जातंच ते," तो घाईनं म्हणाला. "पिस्टन मागे ढकललेत ना मी. चार-पाचदा दाब, येईल वर."

ती गाडीतून उतरली.

"आधी तुम्ही चालवा. खाली उतारापर्यंत."

तो आत बसला. पाच-सहा वेळा पेडल दाबलं. "आलं बघ वर. दगडासारखं झालंय."

तेवढ्यात लेक धावत आली. "बाबा, मी पण येते," म्हणत तिनं मागच्या दाराला हात घातला. बायकोनं लेकीचा दंड पकडला, इतका घट्ट की पोरगी कळवळली.

"नाही."

पोरगी दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागली. त्याचे काळे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"तुला काय वाटतं, मी..." ती नाही म्हणेल, निदान मान तरी हलवेल, म्हणून तो थांबला. ती लेकीचा दंड चोळत राहिली.

"आई," तो म्हणाला, "तू होतीस ना सगळा वेळ समोर. सांग हिला."

म्हातारी खुर्चीच्या हाताला धरून उठली. त्याच्याकडे न जाता ती सुनेपाशी जाऊन उभी राहिली.

"एकेका चाकाला सहा नट," ती सुनेला म्हणाली. "दोन्हीकडचे मोजलेत मी. ऑइलची नळी कुठे सोडली नाही त्यानं. बघत होते. म्हणूनच बसले होते मी तिथे."

तो आईकडे बघत राहिला. मग त्यानं गाडी सुरू केली.

तीनदा तो उतारावरून खाली गेला. तिन्ही वेळा मध्यावर ब्रेक दाबला, आणि तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. आवाज नाही, ओढ नाही. काम चोख झालं होतं. परत येऊन त्यानं इंजिन बंद केलं, उतरला आणि किल्ली बायकोपुढे धरली.

ती पुढे आली नाही.

तो थोडा वेळ हात लांब करून उभा राहिला. मग किल्ली बॉनेटवर ठेवली आणि दोन पावलं मागे झाला. तरी ती जागची हलली नाही.

"आणखी मागे सरक," आई त्याला म्हणाली.

तो सरकला.