उभ्या गाडीतला नट

"साडेनऊ," ठिणगी मीटरकडे बघत म्हणाली. "बॅटरीपाशी साडेबारा आणि दिव्यापाशी साडेनऊ. मधले तीन व्होल्ट कोण खातंय?"

"तुझे आजोबा," बाबा म्हणाले. "माझं डोकं खाऊन झालं की व्होल्ट खातात."

आजोबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. ऐकू न आल्याचं सोंग त्यांना झकास जमायचं.

ती जुनी मोटरहोम, घरच्या भाषेत 'डबा', एका बंद गॅरेजच्या मागे दोन वर्षं एकाच जागी उभी होती. चाकांना विटा लावलेल्या. आजोबा तिच्यातच राहायचे. टीव्हीच्या आवाजावरून बापलेकांचं वाजलं, आजोबा खाकी पिशवी उचलून चालते झाले, आणि तेव्हापासून दोघांचं एकेक वाक्य ठरून गेलं. आजोबा म्हणायचे, बोलावल्याशिवाय येणार नाही. बाबा म्हणायचे, मी हाकललंच नाही तर बोलावू कशाला? कोणी तसूभर हलत नव्हतं.

हलत होतं फक्त डब्याचं वायरिंग. दर आठवड्याला नवं दुखणं. कधी पाण्याचा पंप कण्हायचा, कधी पंखा रुसायचा, कधी दिवा मिणमिणायचा. फोन आला की रविवारी बाबा पान्यांची पेटी घेऊन, रस्ताभर करवादत यायचे. पेटी न्यावीच लागायची. आजोबांनी बस डेपोत तीस वर्षं वायरमनचं काम केलेलं, पण निवृत्त होताना सगळी हत्यारं पोरांना वाटून आलो म्हणायचे. आता हात थरथरतात, घरात साधा पेचकस नाही.

ठिणगी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. यंदा ती शाळेत मीटर वापरायला शिकली होती, आणि तेव्हापासून तिला साऱ्या जगाचं वायरिंग तपासून बघायचं होतं.

बाबांनी पेटी आपटली. "अण्णा, ऐका. ही शेवटची वेळ. पुन्हा दिवा मंद झाला की डबा भंगारात आणि तुम्ही घरी. मग मी एक शब्द ऐकणार नाही."

आजोबांचे कान लाल झाले. "माझं घर आहे हे. हात तर लावून बघ."

"मग शब्द द्या."

"दिला. दिवा मंद झाला तर येईन. पण होणार नाही. तुझी पोरगी तुझ्यासारखी अर्धवट कामं करत नाही."

ठिणगीचं डोकं सणकलं. एका म्हाताऱ्या माणसाचं घर असं दिव्याला टांगायचं? ती डब्याखाली सरपटत शिरली. दिवा आणि पंप चालू ठेवायला सांगितलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवली, दुसरी गाडीच्या सांगाड्याला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. आले तीन.

चोर सापडला. बॅटरीची अर्थिंगची तार सांगाड्यावर जिथे आवळली होती, तिथला नट नुसत्या बोटांनी फिरत होता.

"उभ्या गाडीतला नट ढिला होतो कसा?" तिने खालूनच विचारलं.

"गाडी म्हातारी झाली," आजोबा म्हणाले. "या वयात काही ना काही ढिलं व्हायचंच."

तिने गंज घासून लोखंड चकचकीत केलं. पेटीतून नायलॉनचं कडं असलेला नट शोधला आणि पाना जाईल तिथवर आवळला. आता दिव्यापाशी बारा पॉइंट चार. डबा लख्ख उजळला.

आजोबा दिव्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, पुन्हा ढिला नाही ना होणार? थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

"पाना लावल्याशिवाय सुटणारच नाही," ठिणगी ऐटीत म्हणाली. "आजोबा, आता तुम्हाला इथून कोणीही हलवू शकत नाही."

"वा," आजोबा म्हणाले, आणि न जेवताच आडवे झाले.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. दिवा मंद झाला होता.

बाबा कामावरून परस्पर तिथे पोहोचले, ठिणगी शाळेच्या गणवेशातच सायकल हाणत. ती पोहोचली तेव्हा दोघांची जुंपलेली होती. आजोबा म्हणत होते, बापाचं घर मोडताना लाज वाटत नाही? बाबा म्हणत होते, शब्द दिला होता, आता निमूट चला.

ती टॉर्च घेऊन खाली शिरली. नट ढिला नव्हता. नट नव्हताच. बोल्ट उघडाबोडका, खाली मातीत काही पडलेलं नाही. तो पान्याशिवाय निघणं शक्य नव्हतं, आणि पान्यांची पेटी होती एकाच माणसाकडे.

ती बाहेर आली आणि बाबांसमोर उभी राहिली. रागाने तिचा आवाज चिरकला. "तुम्ही काढलात. रात्री येऊन काढलात ना? त्यांना हरवायला?"

"मी?" बाबांनी इतकंच म्हटलं. मग त्यांचाही पारा चढला. "काय बोलतेस कळतंय का? आत जा. सामान भर त्यांचं."

आजोबा आता पायातल्या चपलांकडे बघत होते.

ठिणगी आत गेली, आणि तिने कपाटाचं दार जोरात ओढलं. कपाट रिकामं होतं. भांडी घासून पालथी घातलेली, अंथरुणाची वळकटी बांधलेली. पलंगाखाली तीच खाकी पिशवी, तोंडापर्यंत भरलेली. तिने चेन उघडली. घडी केलेल्या सदऱ्यांवर एक रुमाल होता, आणि रुमालात डेपोचा शिक्का असलेला जुना पाना आणि तिचा नट.