केरबाच्या आवाजातली कार्डं

आबा वारले त्याच्या आदल्या दिवशीही मी सांगलीहून त्यांना नेहमीसारखं कार्ड टाकलं: दोन पुस्तकं वाचून झाली, रविवारी शाळेतल्या मुलींना घेऊन हरिपूरला जाऊन आले, खुशाल आहे. आबांना वाचता येत नव्हतं. लढाईवरून परतलेला शेजारचा केरबा माझी कार्डं पारावर मोठ्यानं वाचायचा आणि सगळी आळी ऐकायची. "आवं आबा, मास्तरीण भाकरी खाती का नुसती पुस्तकंच?" असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. त्यामुळे आळीनं ऐकलं तरी चालेल तेवढंच मी लिहीत आले.

दहाव्याला येरळेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. "आबा, मनूचं लगीन मी करून देतो," भाऊ हात जोडून म्हणाला. कावळा बाभळीवरच बसून राहिला. ऊन चढलं.

"मनू, तुजं काय सांगायचं ऱ्हायलं असंल तर बोल की गं," केरबा म्हणाला.

मागं सगळी आळी उभी होती.

"आबा," मी म्हणाले, "मला तिकडं लय एकटं वाटतं. मला घरला यायचंय."