चाळीस जोड्या

तिसरं चाकही वाकलं.

लेकीनं ते जमिनीवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंना तळवे टेकले होते आणि अंगाचा सगळा भार दिला होता. तारांमधून कडकड आवाज आला. चाक स्टँडवर चढवून फिरवलं, तर रिम पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी झुलत होती.

"आऊट किती आहे?" पर्यवेक्षिकाबाईंनी विचारलं.

"बोटभर."

"डोंगरात किती टिकेल?"

"पहिल्या उतारापर्यंत. तिथून पुढं सायकल तुमच्या खांद्यावर."

बाईंच्या हाताखाली डोंगरातल्या चाळीस आरोग्यसेविका होत्या. त्यांच्या सायकलींची चाकं मोडीत निघाली होती. भारीतली परवडत नव्हती. स्वस्तातलीच हवी होती, पण औषधांची पेटी घेऊन दगडगोट्यांतून चालणारी.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. येत्या शनिवारी त्यांच्या सायकलच्या दुकानाची किल्ली, जागा घेणाऱ्या चष्मेवाल्याला द्यायचं ठरलं होतं. बाईंची ऑर्डर मिळाली, तर द्यावी लागणार नव्हती. म्हणून लेकीनं गेल्या गुरुवारी दिवसभर पायपीट करून तीन कंपन्यांचे नमुने आणले होते. संध्याकाळी परतली तर आईच्या अंगठ्याला चिकटपट्टी.

"काय झालं गं?"

"लागलं थोडं. हातपाय धू, जेवायला वाढते."

त्या तिन्ही नमुन्यांचा आज निकाल लागला होता.

"झालं?" दारात उभे असलेले समोरचे शिंपीकाका म्हणाले. "आता चष्मेवाल्याकडून चष्मा घे आणि नीट बघून माल आण."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई आली. दोन्ही हातांत एकेक चाक.

"ही राहिलीय बघायची."

लेकीनं चाक हातात घेतलं. "बाबांची?"

"रिम बघ कुठली आहे ती."

रिम पहिल्या नमुन्याच्याच कंपनीची होती, तीच स्वस्तातली. मधला हबही तोच. लेकीनं पेन्सिल तारांवरून फिरवली. मघाच्या चाकांत एक तार किणकिणायची, तर दुसरी भद्द वाजायची. इथं एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात बोलल्या. तिनं चाक आडवं टाकून भार दिला. आवाज नाही. मग जोडी सायकलला बसवली, सीटमागं वाळूची पिशवी बांधली आणि गल्लीच्या टोकाच्या सात पायऱ्यांवरून सायकल खाली घातली. एकदा नाही, दहा वेळा. शिंपीकाका मोजत होते आणि दर खेपेला डोळे मिटत होते.

चाक पुन्हा स्टँडवर आलं. केसाचाही फरक नव्हता.

"हीच," बाई म्हणाल्या. "अशा चाळीस जोड्या."

लेक खोटं बोलली असती तर दुकान वाचलं असतं, निदान काही दिवस.

"बाई, माल बाजारात मिळतो. पण तारा ओढणारा हात नाही राहिला. मला येतं थोडंफार. असं नाही येत."

"त्यांनी कुणाला शिकवलं नाही?"

"शिकवतोय!" शिंपीकाका म्हणाले. "पूर्वी असा बाहेर बसून काम करायचा, गप्पा मारायचा. शेवटची सात वर्षं आतली खोली धरली. दार बंद. मलाही डोकावू द्यायचा नाही. वहिनींना तेवढी मुभा, तीही चहा न्यायला. आता चाळीस जोड्या म्हणजे त्याला वरूनच बोलवायला हवं."

आईनं पदराला हात पुसले.

लेकीला बाबांचा चहा आठवला. नोकरीच्या गावाहून ती फोन करायची, तेव्हा बशीवर थरथरणारा कप ऐकू यायचा. आजार वाढत चालला होता. तरी चाकं मात्र अशी बनायची. कामाला बसल्यावर हाताची थरथर थांबत असेल, असं तिला वाटायचं. काम माणसाला धरून ठेवतं.

"चाळीस जोड्या किती दिवसांत हव्यात?" आईनं विचारलं.

"दोन महिने चालतील," बाई म्हणाल्या. "पण आता काय उपयोग?"

"बसा. चहा टाकते." आई आत गेली.

लेकीनं चाक स्टँडवरून उतरवलं. "ही एक जोडी तरी घेऊन जा, बाई. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आतली चिठ्ठी तेवढी मी ठेवून घेते."

"चिठ्ठी?"

इथं बनलेल्या प्रत्येक चाकात, रिमवरच्या टेपखाली, नखाएवढी चिठ्ठी असायची. गेल्या महिन्यात टपालवाल्यानं आपलं जुनं चाक आणलं होतं. पाच वर्षं खडीवरून फिरलेलं. टेप काढल्यावर आत चिठ्ठी निघाली. बनवल्याची तारीख, त्यात लांब शेपटीचा सहा, आणि खाली एक गोल, मधोमध टिंब दिलेला. बाबांच्या हातचं तेवढंच अक्षर तिला मिळालं होतं. ते तिनं पाकिटात जपून ठेवलं होतं.

आता तिनं टायर सोडवला, ट्यूब बाजूला केली आणि टेपची कड नखानं उचलली. चिठ्ठी होती. तिनं पाकिटातली काढून शेजारी धरली. तोच लांब शेपटीचा सहा. तोच गोल, तसंच मधोमध टिंब.

तारीख गेल्या गुरुवारची होती.