पिठल्याची खरवड

"ऑपरेशनचं नंतर बघू, आधी हिरड्या," हृदयाची झडप बदलायला आलेल्या शिर्केमास्तरांना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या हिरड्यांतले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर ठाण मांडतील. कडक चावताना कधीपासून दुखतंय?"

मास्तरांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे चोरून पाहिलं. "अकरा वर्षं झाली असतील."

प्रमिलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिठल्याच्या कढईतल्या कुरकुरीत खरवडीवरून दोघांची नेहमी जुंपायची. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी अचानक भांडण सोडलं आणि ते सगळी खरवड बायकोच्या ताटात वाढायला लागले. नवऱ्याचं हे प्रेम त्यांनी तिन्ही जावांना तिखटमीठ लावून ऐकवलं होतं.

"म्हणजे प्रेमबिम काही नव्हतंच," घरी पोचेपर्यंत त्या एवढंच बोलल्या.

हिरड्या बऱ्या झाल्या, मग झडपही बदलली. सगळं खायची परवानगी मिळाली त्या दुपारी प्रमिलाबाईंनी मुद्दाम पिठलं केलं आणि उलथन्याने कढई खरवडून सगळी खरवड मास्तरांच्या ताटात टाकली. "खा. तुमची तुम्हाला."

मास्तरांनी एक तुकडा मोडला, डोळे मिटून कुडुमकुडुम चावला. मग उरलेली सगळी खरवड उचलून बायकोच्या ताटात ठेवली.

"अहो, अजून दुखतंय?" त्या घाबरल्या.

"अजिबात नाही," मास्तर म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

प्रमिलाबाईंनी खरवड तोंडात टाकली आणि डाव्या हाताने थोरल्या जावेला फोन लावला.